कमावलेल्या अनुभवाचा अभ्यास : प्रस्तावना

व्यवस्थापनाचे शिक्षण म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅटच्या तयारीला लागलेली बाविशीतली मुले येतात. बारा-पंधरा वर्षे नोकरी झालेला, घराचे हप्ते चालू असलेला, हाताखाली पन्नास-शंभर माणसे सांभाळणारा कोणी पुन्हा वर्गात बसायचे म्हणतो, तेव्हा घरचे आणि ऑफिसातले एकाच सुरात विचारतात, ‘आता कशाला?’ हे पुस्तक त्या प्रश्नाला सामोऱ्या जाणाऱ्या वाचकासाठी लिहिले आहे. कारखान्यातला प्लँट मॅनेजर, सॉफ्टवेअर कंपनीतली डिलिव्हरी हेड, सरकारी बँकेतला विभागीय अधिकारी, लष्करातून लवकर निवृत्ती घेतलेला मेजर, इस्पितळ चालवणारी डॉक्टर अशा सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत आहे.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात सांगतो. अनुभवी माणसाच्या बाबतीत बी-स्कूलचा अर्ज लिहिणे हाच व्यवस्थापनाच्या अभ्यासाचा पहिला पाठ असतो. निवड समितीला तुमच्या नोकरीची वर्षे मोजायची नसतात. त्या वर्षांकडे तुम्ही विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू शकता का, हे तिला तपासायचे असते. ही नजर तयार झाली तर अर्जाचा निकाल काहीही लागो, केलेले कष्ट वाया जात नाहीत. ती तयार झाली नसेल तर प्रवेश मिळूनही वर्ष हातातून निसटते.

इतिहास पाहिला तर अनुभवी विद्यार्थी या क्षेत्रात काल-परवा आलेला नाही. व्हार्टनची स्थापना 1881 ची, डार्टमथच्या टक स्कूलची 1900 ची आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलची 1908 ची. या संस्था मुख्यतः तरुणांसाठी निघाल्या. पण 1931 मध्येच एमआयटीने उद्योगांतल्या अनुभवी अधिकाऱ्यांना विद्यापीठात आणणारा अभ्यासक्रम सुरू केला. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्या पाठबळामुळे पुढे तो स्लोन फेलोज या नावाने ओळखला जाऊ लागला. 1943 मध्ये, ऐन महायुद्धात, शिकागो विद्यापीठाने नोकरी न सोडता एमबीए करण्याची सोय काढली. जगातला पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए तो हाच. हार्वर्डने युद्धकाळात उद्योगांसाठी माणसे नव्याने तयार करण्याचे वर्ग चालवले होते. त्यांतून 1945 मध्ये तिथला अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम उभा राहिला. पुढे स्टॅनफर्डने 1957 मध्ये आणि लंडन बिझनेस स्कूलने 1968 मध्ये स्लोनच्या धर्तीवर आपापले अभ्यासक्रम सुरू केले. या सगळ्यामागे एक साधी अडचण होती. तंत्रात तरबेज माणसे बढती मिळून माणसे, पैसा आणि वेळ सांभाळायच्या जागेवर येत होती, आणि त्या कामाचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते.

भारतातली कहाणी याहून ठळक आहे. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम 1961 मध्ये स्थापन झाल्या. हैदराबादचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज त्याआधीचे, 1956 चे. बेला व्हिस्टा नावाच्या जुन्या राजवाड्यात भरणारे हे कॉलेज इंग्लंडमधल्या हेन्लीच्या स्टाफ कॉलेजच्या नमुन्यावर उभे राहिले. सरकारी खाती, सार्वजनिक उद्योग आणि खासगी कंपन्या यांतले अधिकारी छोट्या गटांत, म्हणजे तिथल्या भाषेत सिंडिकेटमध्ये, एकत्र बसत आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकत. स्वतंत्र भारताने पंचवार्षिक योजना आखल्या, पोलादाचे कारखाने आणि धरणे उभारायला घेतली. ती चालवणारी माणसे तयार करायला वीस वर्षे थांबणे शक्य नव्हते. कामावर असलेल्यांनाच शिकवणे भाग होते. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने आणि हार्वर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या संस्थेतही 1964 मध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच वर्षी व्यवस्थापकांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही फळ्यांसाठी त्रिस्तरीय कार्यक्रमही झाला. एकट्या वरिष्ठाला शिकवून कंपनी बदलत नाही, ही जाण त्या रचनेत होती.

महाराष्ट्रही या घडामोडीत मागे नव्हता. मुंबईत पवईजवळ 1963 मध्ये निघालेली निटी ही संस्था औद्योगिक अभियांत्रिकीसाठी नावाजली. 2023 मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. चर्चगेटजवळची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढली. तिथल्या तीन वर्षांच्या संध्याकाळच्या अभ्यासक्रमांनी फोर्ट, नरिमन पॉइंटमधल्या बँका आणि कंपन्यांत काम करणाऱ्या कित्येकांना ऑफिस सुटल्यावर मार्केटिंग आणि फायनान्स शिकवले. डबा घेऊन सकाळी निघायचे, सहानंतर वर्गात बसायचे आणि रात्रीच्या लोकलने डोंबिवली किंवा बोरिवली गाठायची, हा क्रम मुंबईतल्या अनेक घरांनी पाहिलेला आहे. त्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: दिवसभर जे हाताळले त्याची संध्याकाळी उलटतपासणी करता आली, तर दोन्हीचा दर्जा वाढतो.

आजचा नकाशा मात्र पुष्कळ विस्तारला आहे, आणि नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ इथेच होतो. अमेरिकेतला दोन वर्षांचा पूर्णवेळ एमबीए हा साधारण चार-पाच वर्षांच्या अनुभवाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर तिथे अर्ज करता येतो, पण ज्या उन्हाळी इंटर्नशिपवर त्याची नोकरभरती उभी आहे, ती बहुधा तुमच्या उपयोगाची नसते. दुसरा प्रकार एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांचा. फ्रान्समधल्या फाँतेनब्लोला 1957 मध्ये सुरू झालेल्या इन्सेआडने तो युरोपात रुजवला. भारतात 2001 मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने तो लोकप्रिय केला. अहमदाबादचा पीजीपीएक्स 2006 मध्ये आला आणि पाठोपाठ कलकत्ता, लखनौ, बंगळूर येथेही खास अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे निवासी अभ्यासक्रम उभे राहिले. तिसरा प्रकार स्लोन परंपरेचा: स्टॅनफर्डच्या एमएसएक्सला किमान आठ वर्षांचा आणि एमआयटीच्या स्लोन फेलोजला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. चौथा एक्झिक्युटिव्ह एमबीए, म्हणजे नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारी किंवा काही आठवड्यांच्या तुकड्यांत करायचा. नावांवर मात्र विसंबू नका. 2017 च्या आयआयएम कायद्यामुळे या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानंतर अनेक अभ्यासक्रमांची नावे बदलली. काही आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्रही आता भारदस्त नावाने मिळते. शेवटी पदवी मिळणार की प्रमाणपत्र, वर्गात सोबत कोण बसणार, शिकवणार कोण आणि माजी विद्यार्थ्यांत तुमची गणना होणार का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नये.

प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण बाजारात तिच्यावर पुस्तकांचा खच आहे. अमेरिकेतल्या नऊ बी-स्कूलनी 1953 मध्ये एकत्र येऊन जी परीक्षा आखायला घेतली तीच आजची जीमॅट. तिचे सध्याचे रूप 2023 च्या नोव्हेंबरात आले: दोन तास पंधरा मिनिटे, चौसष्ट प्रश्न, गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स हे तीन विभाग, आणि 205 ते 805 या पट्ट्यातला स्कोअर. निबंध, व्याकरणदुरुस्ती आणि भूमिती तिच्यातून गेली. तक्ते, आलेख आणि अर्धवट माहिती यांवरून निर्णय घेण्याला जास्त वजन आले. रोज एमआयएस रिपोर्ट वाचणाऱ्याला हा बदल मानवणारा आहे. एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी दीड तासाची, चाळीस प्रश्नांची एक्झिक्युटिव्ह असेसमेंटही अनेक ठिकाणी चालते. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षे ग्राह्य असतो, म्हणून ही पायरी आधी उरकून घेणे शहाणपणाचे. मात्र परीक्षेने दार किलकिले होते, आतला प्रवेश पुढच्या कागदांवर ठरतो.

त्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा निबंध, ज्याला सगळे एसे म्हणतात. इथे एक उदाहरण जवळून पाहू. समजा, चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपचा प्रमुख अर्ज करतो आहे. त्याच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य असते: ‘माझ्या नेतृत्वाखाली डाय बदलण्याचा वेळ दोन तासांवरून चाळीस मिनिटांवर आला आणि उत्पादकता वाढली.’ वाक्य खरे आहे, आकडेही खरे आहेत. पण असे वाक्य समितीसमोरच्या प्रत्येक दुसऱ्या फाइलमध्ये असते आणि त्यातून लिहिणारा माणूस दिसत नाही.

आता त्याला विचारत जाऊ. दोन तास कशात जात होते? डाय सेटर तयार असायचे, नवी डायही तयार असायची, पण क्रेनची वाट पाहावी लागायची. क्रेन का नसायची? क्रेन ऑपरेटर दुसऱ्या खात्याचा, त्याची जेवणाची सुट्टी वेगळी, आणि त्याला आधी डिस्पॅचचा माल हलवायचा असायचा. मग तुम्ही काय केले? क्रेनच्या फोरमनबरोबर आठवडाभर शॉप फ्लोअरवर उभे राहून वेळा लिहून काढल्या, सुट्टीची वेळ बदलून घेतली, पुढची डाय आधीच प्रेसजवळ आणून ठेवायची पद्धत लावली. पुढे काय झाले? इथे तो थांबतो. नंतर सांगतो की दिवसपाळीत ही पद्धत टिकली, रात्रपाळीत तीन महिन्यांत सगळे पूर्ववत झाले. का? रात्रपाळीचा इन्सेंटिव्ह एकूण टनावर होता. वारंवार डाय बदलली की टन कमी भरत, म्हणून पाळी एकच डाय लावून रात्रभर तोच भाग काढत बसे आणि नको असलेला माल गोदामात साचे. क्रेनची अडचण त्याने सोडवली; इन्सेंटिव्हचा नियम मात्र एचआर आणि फायनान्सच्या हातात होता, आणि त्यांच्याशी बोलायची भाषा त्याच्याजवळ नव्हती.

निबंध इथे सुरू होतो. साठ्यात अडकलेल्या पैशाची किंमत कशी काढायची, खात्यांची उद्दिष्टे एकमेकांना कापत असतील तर रचना कशी बदलायची, कामगाराच्या मोबदल्याला धक्का न लावता इन्सेंटिव्हचे मोजमाप कसे फिरवायचे, हे त्याला शिकायचे आहे. हे प्रश्न अनुक्रमे मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन डिझाइन आणि कामगार संबंध या विषयांचे आहेत. आता ‘मला एमबीए का हवे’ या प्रश्नाला त्याच्याजवळ स्वतःचे उत्तर आहे आणि ते दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये सापडणार नाही. बढती, पगार, परदेश या इच्छा गैर मुळीच नाहीत, पण त्या सर्वांच्याच असतात. फसलेल्या रात्रपाळीचा हिशोब त्याचा एकट्याचा आहे. यश जिथे अडले ती जागा दाखवायला अनुभवी माणूस कचरतो, कारण इतकी वर्षे अ‍ॅप्रेझलच्या फॉर्मवर उलट सवय लागलेली असते. अर्ज लिहिताना ही सवय सोडावी लागते, आणि परीक्षेपेक्षा हे अधिक वेळ खाते.

शिफारसपत्रांची गत आपल्याकडे वेगळीच. साहेब प्रेमाने म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ बहुतेक नामवंत संस्थांना हे चालत नाही आणि चालू नये. शिफारस करणाऱ्याला ठोस प्रश्न विचारलेले असतात: या व्यक्तीला तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती आणि तिने त्यावर काय केले? याचे उत्तर साहेबांजवळच असते. म्हणून त्यांच्यासोबत तासभर बसावे, मिळून केलेल्या कामांची आठवण करून द्यावी आणि लिहिणे त्यांच्यावर सोडावे. मुलाखतीची तयारीही याच अंगाने करावी. आयटीतल्या माणसाला पॅनेलवरचे प्राध्यापक कोडिंग विचारत नाहीत. तुमचा क्लायंट पैसे कशावर कमावतो, हे विचारतात. सात वर्षे एका विमा कंपनीची सिस्टिम सांभाळूनही हे सांगता येत नसेल, तर मुलाखतीआधी शिकून घेण्याची ही चांगली संधी आहे.

या विषयातले वादही वाचकाला आधीच ठाऊक असावेत, कारण तो ज्या घरात पाऊल टाकतो आहे तिथे मतभेद जुने आणि गंभीर आहेत. मॅकगिल विद्यापीठाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी 2004 मध्ये ‘मॅनेजर्स नॉट एमबीएज’ हे पुस्तक लिहून कामाचा अनुभव नसलेल्यांना व्यवस्थापन शिकवण्यावरच हरकत घेतली. त्यांच्या मते व्यवस्थापन हे कला, अनुभवातून आलेले कसब आणि विश्लेषण यांच्या मेळातून घडते, आणि वर्गात त्यातले विश्लेषणच काय ते शिकवले जाते. 1996 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह काम करणाऱ्या व्यवस्थापकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बंगळूरची आयआयएमही सहभागी होती. तिथे वर्गातला निम्मा वेळ विद्यार्थ्यांच्या आपापल्या प्रश्नांसाठी राखलेला असे. हार्वर्डचे क्रिस आर्जिरिस यांनी 1991 च्या एका लेखात दाखवले की यशस्वी, हुशार व्यावसायिकांना शिकणे अवघड जाते, कारण अपयशातून शिकण्याची पाळीच त्यांच्यावर फारशी आलेली नसते. अडचण आली की ते दोष बाहेर शोधतात. हा लेख प्रत्येक अनुभवी अर्जदाराने निबंधाला हात घालण्याआधी वाचावा.

तिसरे नाव सुमंत्र घोषाल यांचे, आणि ते मला विशेष जवळचे वाटते. इंडियन ऑइलमध्ये अनेक वर्षे नोकरी केल्यावर 1981 मध्ये ते अमेरिकेत शिकायला गेले, एमआयटी आणि हार्वर्डमध्ये संशोधन केले आणि पुढे इन्सेआड व लंडन बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. ख्रिस्तोफर बार्टलेट यांच्यासोबत बहुराष्ट्रीय कंपन्यांवर त्यांनी 1989 मध्ये लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासले जाते. मृत्यूनंतर, 2005 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी स्वतःच्याच क्षेत्राला खडे बोल सुनावले: माणूस फक्त स्वार्थ पाहतो असे गृहीत धरणारे सिद्धांत शिकवून बी-स्कूलनी विद्यार्थ्यांच्या मनातली नैतिक जबाबदारी सैल केली. मोठ्या कंपनीत दीर्घकाळ काम केलेला माणूसच इतक्या अधिकाराने हे म्हणू शकतो. नोकरीतून अभ्यासाकडे वळलेल्या माणसाने एका ज्ञानशाखेला काय दिले, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तुम्ही वर्गात जाल तेव्हा प्राध्यापकांनी फळ्यावर मांडलेले प्रत्येक गृहीतक आपल्या प्रेस शॉपला, शाखेला, वॉर्डाला लावून पाहा. न पटले तर हात वर करा. अनुभवी विद्यार्थ्याकडून वर्गाची हीच अपेक्षा असते.

हे सगळे सांगताना किमतीबद्दल मौन पाळणे बरोबर होणार नाही. फी हा खर्चाचा एक भाग. वर्षभराचा बुडालेला पगार, चालू राहणारे हप्ते आणि कर्जावरचे व्याज हे बाकीचे. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, आई-वडिलांची औषधे यांचा विचार आधी व्हायला हवा. म्हणून हा निर्णय घरातल्या सर्वांनी कागद-पेन्सिल घेऊन करावा. शिवाय अनुभवी विद्यार्थ्याची प्लेसमेंट कॅम्पसवरच्या तरुणांसारखी होत नाही. चाळिशीच्या आसपास बहुतेक जागा ओळखी, माजी विद्यार्थी आणि स्वतःच्या शोधातून मिळतात. क्षेत्र, पद आणि देश या तिन्ही गोष्टी एकदम बदलायचा बेत असेल तर तो फार अवघड आहे. त्यांतली एखादी किंवा दोन बदलणे साध्य होते. आणि सध्याच्या साहेबांचा जाच हे अर्जाचे एकमेव कारण असेल, तर नोकरी बदलणे स्वस्त पडते. असा वाचक हे पुस्तक वाचून अर्ज न करण्याच्या निष्कर्षाला आला, तरी पुस्तकाने आपले काम केले असेच मी मानेन.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात अनुभवी विद्यार्थ्यासाठी घडत गेलेल्या शिक्षणाचा इतिहास आहे. दुसऱ्यात अभ्यासक्रमांचे प्रकार, त्यांच्या अटी आणि तुलना. तिसऱ्यात परीक्षा, निबंध, शिफारस आणि मुलाखत. चौथ्यात वर्गातले वर्ष आणि त्यानंतरची वाट. क्रमाने वाचण्याची सक्ती नाही, पण तिसरा भाग पहिल्याच्या आधी उघडण्याचा मोह आवरा. आपण कोणत्या परंपरेत पाऊल टाकतो आहोत हे कळले की निबंधातली भाषा आपोआप सरळ होते.

वाचायला लागण्याआधी एक काम मात्र करा. गेल्या पाच वर्षांत तुम्ही स्वतः घेतलेला, अर्धा जमलेला आणि अर्धा फसलेला एक निर्णय निवडा आणि त्यावर दोन पाने मराठीत लिहा. कोण काय म्हणाले, कोणता आकडा समोर होता, कोणता नव्हता, तुम्ही काय गृहीत धरले आणि नंतर काय कळले, इतकेच. विशेषणे नकोत. ती पाने सोबत ठेवून हे पुस्तक वाचा आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्यांत भर घाला. शेवटच्या प्रकरणापर्यंत तुमच्या निबंधाचा कच्चा खर्डा तयार झालेला असेल, आणि कोणत्या संस्थेकडे काय शिकायला जायचे याचे उत्तरही त्यातच सापडेल.